आधी आराखडा, मग पिशवी

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत कुणी पिशवी भरून निघाले की शेजारी दोनच प्रश्न विचारतात. "कुणाचं लग्न?" नाहीतर "कोण गेलं?" तिसरे कारण असलेच तर ते चैत्यभूमीचे किंवा दीक्षाभूमीचे. एरवी आपला माणूस घर सोडतो तो ऊसतोडीला, वीटभट्टीला, नाहीतर नोकरीच्या मुलाखतीला. नुसते बघायला म्हणून, आनंद म्हणून सगळ्या घराने मिळून निघायचे, ही गोष्ट आपल्यात अजून थोडी चोरून बोलावी लागते. पैसा उडवला असे लोक म्हणतील, ही भीती असते.

मी स्वतः कचेरीत हिशेब लिहिणारा माणूस. नागसेनवनात बी.कॉम. झालो, तेव्हापासून दुसऱ्याच्या पैशाचा मेळ घालतो आहे. संध्याकाळी वस्तीतली कामे, रविवारी विहार. सहल हा विषय माझ्याही डोक्यात नव्हता. तो आणला आईने, तोही तिच्या नकळत. २०१९ साली मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात समुद्राचे चित्र होते. ते बघून आई म्हणाली, "नाथसागर पाह्यलाय की मी पैठणला. त्याच्याहून मोठा असतोय का?"

या बाईने १९७२ च्या दुष्काळात, वयाच्या विसाव्या वर्षी, पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. पाणी साठावे म्हणून तिने तळे खणले. आणि सत्तरीला टेकली तरी तिने समुद्र पाहिला नव्हता. मी त्याच दिवशी ठरवले.

पहिली फेरी फसली

ठरवले, पण आराखडा केला नाही. मुलांचा निकाल लागला, मेचा शेवटचा आठवडा होता. चार कपडे पिशवीत टाकले आणि पाच जण निघालो : मी, पत्नी, आई, मुलगी आणि मुलगा. मुरुडला पोचलो. जवळच राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला होड्या जातात. धक्क्यावर गेलो तर होड्या ओढून वर घेतलेल्या. पावसाळा जवळ आला, समुद्र खवळू लागला, की मेच्या अखेरीला किल्ल्याची वाहतूक बंद होते. ती पुन्हा सुरू होते पाऊस ओसरल्यावर. ही गोष्ट तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. हिशेबनिसाला नव्हती.

आई वाळूवर उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "नाथसागराचा पल्याडचा काठ दिसतो. ह्याचा दिसतच न्हाई." मग पाण्यातल्या तटाकडे बोट करून म्हणाली, "त्या तिथं जायचं हुतं व्हय? बरं, राहू दे."

त्या "राहू दे" ने माझी झोप उडाली. त्या रात्रीच आणखी एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. किनाऱ्यावरच्या एका गावात खोली विचारली. खोली आहे म्हणाले. भाव ठरला. मग नाव विचारले, आडनाव विचारले, आणि खोली "आत्ताच गेली" असे कळले. मुलगी सातवीत जाणार होती. तिने विचारले, "पप्पा, आत्ता तर होती ना?" मी उत्तर दिले नाही. तिसऱ्या दिवशी परत आलो.

छत्तीस महिने

नंतर कोरोनाचे संकट आले. २०२० च्या नोव्हेंबरात थोडी घडी बसली तेव्हा मी एक शंभर पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिले : कोकण. दरमहा सहाशे रुपये बाजूला काढायचे. एखाद्या महिन्यात जड गेले, पण दिवाळीच्या उसळीत भरून काढले. छत्तीस महिन्यांत २१,६०० रुपये जमले. निघालो २०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत.

या तीन वर्षांत मी वहीत एकेक गोष्ट लिहीत गेलो. सगळ्यात मोठा धडा हा, की नकाशा पुढ्यात घेऊन "काय काय बघता येईल" असा विचार करू नये. घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचे पाय आधी बघावेत आणि त्या पायांनी आराखडा आखावा. आमच्या घरी ते आईचे गुडघे. तुमच्या घरी कदाचित दोन वर्षांचे लेकरू असेल. दिवसाला एकच मुख्य ठिकाण. मध्ये एक दिवस मुक्काम न हलवता. आणि प्रत्येक दिवशी एक गोष्ट अशी लिहायची, की वेळ आली तर ती सोडून देता येईल.

दुसरा धडा पैशाचा. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली. पण एसटीत २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, आणि पंच्याहत्तरीपुढे प्रवास मोफत. आमच्या पाचांत तीन बायका. म्हणून लांबचा पल्ला रेल्वेने आणि कोकणातला सगळा प्रवास लाल गाडीने, असे ठरवले. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. सुट्टीच्या दिवसांत पहिल्याच दिवशी काढलेले बरे.

तिसरा धडा खोलीचा. मी आता फोनवरच पूर्ण नाव सांगतो, आडनावासकट. ज्याला द्यायची त्याने द्यावी, ज्याला द्यायची नाही त्याने फोनवरच सांगावे. रात्री लेकराबाळांसकट दारात उभे राहून ऐकायची वेळ येऊ देऊ नये. या खेपेला मुरुडला खोली दिली ती एका कोळी बाईने. आईचे गुडघे बघून तिने न सांगता गरम पाण्याची बादली आणून ठेवली. कोकण वाईट आणि कोकण चांगले असे दोन्ही नसते. माणसे असतात.

घारापुरी

रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी मुंबई. भायखळ्याला नात्यातल्या घरी सामान टाकले आणि गेटवेवरून बोट धरली. घारापुरीला पोचायला तासभर लागतो. लेणी सोमवारी बंद असतात, हे वहीत तांबड्या शाईने लिहिले होते.

आपल्याकडे वेरूळ-अजिंठा असल्याने लेण्यांचे आपल्याला नवल नाही. पण बेटावरचे लेणे ही गोष्ट वेगळी. बोटीतून उतरले की एक छोटी गाडी पायऱ्यांपर्यंत नेते. मग शंभराहून जास्त पायऱ्या. तिथे म्हाताऱ्यांना खुर्चीच्या डोलीत बसवून चार माणसे वर नेतात. मी भाव विचारला. आईने ऐकले आणि कपाळाला हात लावला. "माणसांच्या खांद्यावर बसू का मी? जन्मभर डोक्यावर पाटी वाहिली. वाहणाऱ्याचं काय होतंय ते मला ठावं हाय." पुढे ती म्हणाली, "चढते हळूहळू." दर दहा पायऱ्यांना बसत, पायऱ्यांवर माळा विकणाऱ्या बायकांशी बोलत, पाऊण तासाने ती वर आली. वरची मोठी शिवमूर्ती जगप्रसिद्ध आहे. १९८७ पासून हे ठिकाण जागतिक वारशात आहे. पण बेटाच्या पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत, ते फार थोडे लोक बघतात. आम्हीही बघितले नाहीत. वहीत "सोडता येईल" या रकान्यात तो होता आणि आईचे पाय थकले होते. त्याची हळहळ वाटते, पण पश्चात्ताप नाही.

त्या माळावाल्या बायकांकडून एक गोष्ट कळली. मुंबईच्या दिव्यांच्या एवढ्या जवळ असून या बेटावर कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून तार टाकून. मुलगा म्हणाला, "म्हणजे माझ्यापेक्षा लहान!"

एक सूचना कळकळीने. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसली आणि अनेकांचे प्राण गेले. बोटीत बसल्याबरोबर जीवरक्षक जाकीट मागून घ्या. गरम होते, फोटो चांगला येत नाही, ही कारणे ऐकू नका. लेकरांना आधी घाला. खचाखच भरलेली बोट असेल तर पुढची धरा.

पौर्णिमेचा हिशेब समुद्रावरही

दुसऱ्या दिवशी सकाळी चैत्यभूमीला वंदन केले, गेटवेवरून मांडव्याची बोट आणि तिथून बसने अलिबाग. बहुतेक बोटींच्या तिकिटात ही बस धरलेली असते. पावसाळ्यात हीही बोट बंद.

अलिबागच्या किनाऱ्यासमोर कुलाबा किल्ला आहे. ओहोटीला चालत जाता येते आणि भरतीला तो बेट होतो. भरती केव्हा, हे ओळखण्याचा किनाऱ्यावरच्या लोकांचा एक सोपा हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. तिच्या आगेमागे सहा तासांनी ओहोटी. आपण पौर्णिमा पाळणारे लोक. पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती असते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण असते, पाणी पुष्कळ चढते आणि पुष्कळ ओसरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फारसे मागे हटत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी सप्तमी होती. ओहोटीची वेळ बरोबर आली, पण पाणी पुरते हटले नव्हते. आईला घेऊन ओल्या दगडांवर पाय टाकायला नको, म्हणून किल्ला काठावरून पाहिला, शहाळे प्यायलो आणि मुरुडची एसटी धरली.

गोड्या पाण्याचे तळे

मुरुडला दोन रात्री राहिलो. हाच तो न हलण्याचा दिवस. सकाळी राजपुरीच्या धक्क्यावर गेलो. या खेपेला होड्या पाण्यात होत्या. शिडाच्या होडीत बसलो. किल्ल्याच्या दरवाजाशी होडी लाटेबरोबर वर-खाली होते, आणि ती वर आली त्या क्षणी पायरीवर पाऊल टाकायचे असते. तांडेलाने आईचा दंड धरला. "मावशी, मी सांगतो तेव्हा." आणि आई जंजिऱ्यात उतरली.

हा किल्ला सिद्दींचा. मूळचे आफ्रिकेतून आलेले हे लोक. मी मुलांना सांगितले, की आपले शहर ज्याने वसवले तो मलिक अंबरही आफ्रिकेतूनच, गुलाम म्हणून विकला जात जात इथे आलेला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद आणि आज छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून नळ टाकून त्याने शहराला पाणी आणले, ती नहर आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. मुलगी म्हणाली, "म्हणजे हे आपल्या गावचेच पाहुणे."

आतल्या तोफा, पडके वाडे बघत सगळे फिरले. आई मात्र तळ्यापाशी थांबली. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत दगडी बांधणीचे गोड्या पाण्याचे तळे. तिने काठ बघितला, उतरत्या पायऱ्या बघितल्या, पाणी कुठून येत असेल ते विचारले. मग म्हणाली, "खणणारा जाणता हुता." तळे खणलेल्या बाईने दिलेले हे प्रमाणपत्र. होडीवाले किल्ल्यात साधारण पाऊण तास देतात. त्यातला अर्धा वेळ आईने त्या काठावर काढला आणि मी तिला घाई केली नाही.

लेखनिकाचे लेणे

पुढचा टप्पा आतल्या मुलखाचा. मुरुडहून गाड्या बदलत तळे गावाच्या बाजूला आलो. रायगड जिल्ह्यात मांदाडच्या खाडीजवळ, डोंगरात कुडे नावाची बौद्ध लेणी आहेत. इथे गर्दी नाही, दुकान नाही, चहाही नाही. तळ्याहून मिनिडोर रिक्षा जाण्या-येण्याची ठरवून घेतली. रिक्षावाल्याला सोडून द्यायचे नाही, हा आडवाटेचा नियम.

खाली खाडीचे पाणी चमकते आणि वर दगडात कोरलेली विहारे. जुन्या काळी या खाडीतून जहाजे येत. आपल्या पैठणचा माल घाट उतरून कोकणच्या बंदरांना जाई, त्या व्यापाराच्या काळातली ही लेणी. दान कुणी दिले ते भिंतींवर कोरून ठेवले आहे : माळी, वैद्य, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी. आपल्या पितळखोऱ्याला जसा पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी दानात दिसतो, तसेच हे. राजेमहाराजेच लेणी कोरतात असे आपल्याला वाटते. इथे कामधंद्याची माणसे आहेत. आणि एक नाव मी तीन वर्षे वहीत लिहून ठेवले होते : शिवभूती. हा इथल्या महाभोज राजाचा लेखक, म्हणजे लेखनिक. आजच्या भाषेत क्लार्क. पत्नी नंदा हिच्यासह त्याने लेणे दान दिले.

मला अक्षरे वाचता येत नाहीत. पण त्या दगडासमोर उभे राहिलो तेव्हा गळा दाटला. कचेरीत "नुसता क्लार्क" हे शब्द मी किती वेळा ऐकले असतील. माझ्या पत्नीने मात्र वेगळेच काढले. "अहो, लेखनिकाच्या बायकोचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. माझं तुमच्या रेशनकार्डावर अजून चुकीचं आहे. घरी गेल्यावर आधी ते बघा." परत आल्यावर आठवड्याच्या आत मी ते दुरुस्त करून घेतले.

महाड, आणि डोंगरातली गावे

महाडला दोन रात्री. चवदार तळ्याबद्दल या पानावर मी काय नवीन सांगणार? २० मार्च १९२७ प्रत्येक घराला पाठ आहे. एवढेच सांगतो, की जंजिऱ्याच्या तळ्याशी बडबडणारी आई इथे एक शब्द बोलली नाही. काठाशी बसून राहिली. उठताना नातीला म्हणाली, "ह्या पाण्यापायी मार खाल्ला लोकांनी." बस. जवळच गांधारपाल्याची लेणी आहेत. ती मी आणि मुलांनी चढून पाहिली, आई आणि पत्नी खाली थांबल्या. महाड पावसाळ्यात टाळावे. जुलै २०२१ च्या पुरात हे गाव बुडाले होते.

महाडहून मंडणगडकडे निघाले की खरे आडरान लागते. लाल मातीचे वळणावळणाचे रस्ते, काजूची झाडे, आणि कुलूप लावलेली घरे. माणसे मुंबईला. आंबडवे, बाबासाहेबांचे मूळ गाव, याच डोंगरात आहे. २०२२ साली राष्ट्रपती येऊन गेले, स्मारक आहे, पण गाड्या मोजक्याच. परतीची एसटी किती वाजता, हे उतरतानाच वाहकाला विचारावे. पाणी, भाकरी, चटणी बरोबर असावी. आमच्या जवळ होती. वाटेत एका आजीने ओटीवर बसायला जागा दिली. दोन्ही म्हाताऱ्यांची बोली निराळी, तरी तासभर गप्पा रंगल्या. विषय एकच : गुडघे.

शेवटचा मुक्काम दापोली. वहीत इथे दोन गोष्टी होत्या : पन्हाळेकाजीची लेणी किंवा हर्णैचा मासळीचा लिलाव. निर्णय आईवर सोडला. ती म्हणाली, "दगुड लई पाह्यले. आता माणसं बघू." संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या, टोपल्या उतरल्या, लिलाव सुरू झाला. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आई लिलाव करणाऱ्या बायकांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी रमाईचे वणंद बघून खेड गाठले, कोकण रेल्वेने ठाणे आणि रात्रीच्या गाडीने घर. दोन गाड्यांच्या मध्ये हातात पुरेसा वेळ ठेवावा.

मेळ

हिशेबनिसाने हिशेब द्यायलाच हवा. पाच माणसे, आठ दिवस. रेल्वे ३,६००. एसटी, बोटी, रिक्षा ५,२००. पाच रात्रींच्या खोल्या ६,०००. जेवण-चहा ५,१००. किरकोळ, औषध, मुलांची शिंपल्यांची माळ १,५००. एकूण २१,४००. दोनशे रुपये उरले. ते आईने वहीतच ठेवायला लावले. आज भाव वाढले आहेत, तुमची बेरीज वेगळी येईल. पण महिन्याला थोडे, आणि वहीत आधी, ही रीत तीच राहील.

बंधू-भगिनींनो, मुलांची फी, आजारपण, घराचे हप्ते हे सगळे आधी. मी कर्ज काढून फिरा असे म्हणत नाही. कर्ज काढून सहल करणाऱ्याला तिथला समुद्रही खारट लागत नाही, हप्ताच लागतो. पण सगळे भागल्यावर आनंद, असे म्हणत बसलो तर आपल्या म्हाताऱ्या माणसांचे पाय थांबत नाहीत. ते थकतात. आमची चार वर्षे गेली आणि त्यात आईचे गुडघे आणखी थकले.

आता आमच्या महिला मंडळातल्या बायका आईला विचारतात, "मावशी, समुद्र कसा असतो?" ती सांगत नाही. म्हणते, "वही घ्या." गेल्या महिन्यात सात जणींनी घेतल्या. आमच्या वहीचे नवे पानही तिने उघडायला लावले आहे. ठिकाण अजून ठरलेले नाही. वर फक्त तिने सांगितलेली एक ओळ लिहिली आहे : पायऱ्या कमी असाव्यात.